बंदी कुणाला, बक्षीस कुणाला

एप्रिल २०२४ मध्ये सेबॅस्टियन को यांच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने पॅरिस ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर जाहीर केले. कौतुकाचा पाऊस पडला. मला मात्र धावपटू गुंडर हेग आठवला आणि डोके तापले.

स्वीडनच्या यॅम्तलांड प्रांतात १९१८ च्या शेवटच्या दिवशी जन्मलेला हा गडी. पुढे येवले शहरात अग्निशामक दलात नोकरी. उमेदवारीची वर्षे आपण सोडून देऊ. सांगण्यासारखे आहे ते १९४२ पासूनचे. युरोप जळत होता, तटस्थ स्वीडनची मैदाने मात्र गच्च भरत होती. जुलै ते सप्टेंबर या ८२ दिवसांत हेगने १५०० ते ५००० मीटरदरम्यान दहा विश्वविक्रम केले. ५००० मीटर १४ मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला माणूस.

आणि समोर आर्ने अँडरसन! १९४३ मध्ये हेग अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना या पठ्ठ्याने मैलाचा विक्रम ४:०२.६ वर नेला. १९४४ मध्ये माल्मोत हेगला मागे टाकून ४:०१.६ वर. वर्षभराने त्याच माल्मोत, त्याच अँडरसनला हरवत हेगने ४:०१.४ नोंदवले. आमच्या तरुणपणी, १९८१ च्या ऑगस्टमध्ये हेच को, तेव्हाचे धावपटू, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ओव्हेट यांनी दहा दिवसांत तीनदा मैलाचा विक्रम मोडला, पण तिन्ही वेळा वेगवेगळ्या गावांत. आम्ही तेव्हा टाळ्या पिटल्या खऱ्या. पण एकमेकांसमोर उभे राहण्याची हिंमत हेग-अँडरसनचीच.

युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत, त्यामुळे पदकाचा प्रश्नच नव्हता. पुढचे ऑलिंपिक लंडनला, १९४८ मध्ये. त्याआधीच, १९४६ मध्ये, धावण्याचे पैसे घेतले म्हणून दोघांवर आजन्म बंदी! त्यांच्या नावावर तिकिटे खपत होती, हे पैसे देणाऱ्या आयोजकांना चांगलेच ठाऊक होते. हौशीपणाचे सोवळे पाळायचे ते फक्त धावणाऱ्याने. लंडनमध्ये १५०० मीटरचे सुवर्ण तरीही स्वीडनलाच मिळाले, हेन्री एरिक्सनला. हे दोघे असते तर ती शर्यत कशी झाली असती, याचा विचार आजही छळतो. हेगचा मैलाचा विक्रम बॅनिस्टरने मोडला तो थेट १९५४ मध्ये.

हेग २००४ मध्ये गेला, अँडरसन २००९ मध्ये. खेळात उघड पैसा आलेला दोघांनी पाहिला. को यांचे बक्षीस योग्यच आहे. फक्त ते देताना कुणी पुण्यकर्माचा आव आणू नये.