गाडीची चार चाकं दुसऱ्या राज्यात पाठवायचीत? पैसे कुठं वाचतात आणि कुठं बुडतात

समजा लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका पोराने गाडीला नवीन मॅगव्हील टाकले. आधीची चार चाकं टायरसकट उरली. चाळीच्या गॅलरीत चार टायर ठेवले की शेजारच्या काकूंच्या तुळशीलाही जागा उरत नाही, त्यामुळे चाकं विकायची ठरतात. ऑनलाइन जाहिरात पडते, इंदूर नाहीतर बेंगळुरूचा एक जण तयारही होतो. भाव ठरतो, अन् मग कुरिअरवाला पार्सलचा आकडा सांगतो.

तो आकडा ऐकून निम्मे सौदे तिथंच मोडतात.

उलटं पण होतं. दिल्लीच्या कश्मीरी गेटला किंवा बेंगळुरूच्या जेसी रोडला हवा तो सेट मुंबईपेक्षा स्वस्त दिसतो. पण तो गिरगावात आणेपर्यंत सगळी बचत भाड्यात जाते. गंमत म्हणजे स्वतः गिरगावातच ऑपेरा हाऊसजवळ गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा मोठा बाजार आहे, आणि तिथून देशभर माल जात असतो. दुकानदारांना परवडतं, मग साध्या माणसाला का परवडत नाही?

याचं उत्तर चाकाच्या आकारात आहे.

ऑपेरा हाऊसचा परिसर गाड्यांच्या पार्ट्ससाठी जसा ओळखला जातो, तसाच हिऱ्यांसाठीही. 2010 मध्ये बीकेसीला भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर बराचसा व्यापार तिकडं गेला, पण त्याआधी लाखोंचा माल इथून अंगडियाच्या खिशात बसून सुरतेला जायचा. चाकाचं बरोबर उलटं आहे. किंमत बेताची, वजन भरपूर आणि जागा त्याहून जास्त. गोल वस्तूला चौकोनी खोका लागतो, त्यामुळे चार कोपऱ्यांतल्या हवेचंही भाडं भरावं लागतं.

वाहतुकीच्या धंद्यात या हवेला 'व्हॉल्युमेट्रिक वेट' म्हणतात. म्हणजे पार्सल काट्यावर किती भरतं ते एक वजन, आणि ते गाडीत किती जागा खातं त्यावरून काढलेलं दुसरं वजन. दोन्हीपैकी जे जास्त, त्याचे पैसे लागतात.

हिशोब करून बघू. टायरवर 195/65 R15 असं लिहिलेलं असतं. 195 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, आणि 15 म्हणजे रिमचा व्यास इंचात. यावरून चाकाचा पूर्ण व्यास साधारण साडेत्रेसष्ट सेंटिमीटर येतो. पॅकिंग धरून खोका 65 बाय 65 बाय 22 सेंटिमीटरचा. गुणाकार केला की 92,950.

आता खरी गोम या आकड्याला कितीने भागायचं यात आहे. बऱ्याच कुरिअर कंपन्या 5000 ने भागतात, तेव्हा एका चाकाचं वजन 18.6 किलो येतं. काट्यावरचं खरं वजन त्याच्याच आसपास असतं, म्हणजे फार फसवणूक नाही. काही जण 4000 ने भागतात, की तेच चाक 23 किलोचं होतं. आणि ट्रान्सपोर्टवाले बरेचदा सीएफटीत बोलतात, म्हणजे एका घनफुटाला ठरावीक किलो. आपलं चाक साधारण 3.28 घनफुटांचं आहे. घनफुटाला 6 किलो धरले तर ते 20 किलोच्या आत राहतं, 10 किलो धरले तर जवळपास 33 किलोचं होतं.

म्हणजे तोच चार चाकांचा सेट एकाकडे 74 किलोचा आणि दुसऱ्याकडे 131 किलोचा.

त्यामुळे 'किलोला किती?' हा प्रश्न अर्धाच आहे. समजा एकाने किलोला 12 रुपये सांगितले आणि दुसऱ्याने 9. स्वस्त कोण? पहिला 5000 ने भागत असेल तर त्याचे 893 होतात. दुसरा घनफुटाला 10 किलो धरत असेल तर त्याचे 1,181. हे दर फक्त उदाहरणासाठी आहेत, पण फसगत अशीच होते. फोनवर दोन प्रश्न विचारायचे: सीएफटी किती धरता, आणि कमीत कमी किती किलोचे पैसे लावता?

दुसऱ्या प्रश्नामागेही कारण आहे. ट्रान्सपोर्टमध्ये प्रत्येक बिल्टीमागे एक किमान वजन असतं, वर डॉकेट चार्ज असतो, हमाली असते. चार चाकं चार वेगवेगळ्या पावत्यांवर पाठवली तर हे सगळं चारदा भरावं लागतं. एकाच बिल्टीवर 'चार नग' लिहून पाठवली की एकदाच. कुरिअरवाला मात्र बहुतेक वेळा नगावर हिशोब करतो, म्हणून एका चाकासाठी कुरिअर ठीक आणि चारसाठी ट्रान्सपोर्ट, असं साधारण धरून चालायला हरकत नाही.

टायर काढला तर काय होतं?

खरी बचत इथं आहे, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात ती येतच नाही. नुसत्या 15 इंची रिमचा बाहेरचा व्यास 42 सेंटिमीटरच्या आसपास असतो. पॅकिंगसकट खोका 45 बाय 45 बाय 20 चा झाला. 5000 ने भागा, वजन 8 किलोच्या थोडं वर. चार रिम मिळून साधारण 32 किलो. टायरसकट 74 होते, म्हणजे भाडं निम्म्याहून खाली.

मग टायर वेगळे पाठवले तर? काही उपयोग नाही. चार टायर एकावर एक बांधले तरी 65 बाय 65 बाय 80 ची चळत होते आणि तिचं वजन 67 किलोच्या वर जातं. आतली पोकळी तुमच्या कामाची नाही, पण तिचे पैसे लागतात. सगळी जागा खाणारा टायरच असतो. म्हणून शक्य असेल तर टायर इथंच विकायचे आणि रिम तेवढे पाठवायचे. पंक्चरवाला मशीनवर टायर काढून देतो, त्याचे पैसे वाचलेल्या भाड्यापुढं किरकोळ आहेत.

टायर पाठवण्याच्या लायकीचा आहे का, तेही बघावं. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतरच्या मजकुरात शेवटी चार आकडे असतात. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. असल्या टायरला हजार किलोमीटर फिरवण्यात अर्थ नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्याचं आकर्षण आणखी कमी झालंय.

एक तोटा मात्र आहे. टायर चढवलेला असतो तेव्हा रिमच्या कडेला तोच गादीसारखा वाचवतो. नुसती रिम हमालाच्या हातून पडली तर कड वाकते, आणि अलॉय वाकला की तो सरळ करणं खर्चिक आणि कधीकधी धोक्याचंही असतं. म्हणून नुसती रिम पाठवताना दोन्ही तोंडांवर जाड पुठ्ठ्याच्या चकत्या, कडेभोवती फोम, त्यावर खोका आणि बाहेरून शिवलेलं बारदान असं पॅकिंग लागतं. नट आणि मधली टोपी रिमच्याच पोकळीत पिशवीत बांधून ठेवायची. प्रत्येक नगावर पत्ता, फोन आणि '4 पैकी 1' असं लिहायचं. वजन घरूनच करून न्यावं, गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर काम होतं.

विकत घेणाऱ्याने त्याआधी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे बोल्टची मांडणी. स्विफ्टला 4 बोल्ट 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर लागतात, क्रेटाला 5 बोल्ट 114.3 वर. दोन्हींची अदलाबदल होत नाही. चुकीचा सेट आला तर परतीचं भाडंही तेवढंच.

मुंबईतून पाठवायचं तर कुठून?

मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांची बुकिंग ऑफिसं मशीद बंदर, भायखळा, काळबादेवी या पट्ट्यात जुन्या काळापासून आहेत. पण माल तिथून थेट दुसऱ्या राज्यात जात नाही, बहुतेक वेळा आधी भिवंडीला जातो. मुंबई पालिकेची जकात होती तेव्हा हद्दीबाहेर गोदाम ठेवणं सोयीचं होतं, म्हणून भिवंडी वाढली. जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीसोबत गेली, गोदामं तिथंच राहिली.

याचा परिणाम माल मागवताना जाणवतो. 'गोडाऊन डिलिव्हरी' स्वस्त दिसते म्हणून घेतली आणि गोडाऊन भिवंडीला निघालं, तर परळपर्यंत छोट्या हत्तीचं भाडं वेगळं पडतं. दक्षिण मुंबईत दिवसा जड वाहनांवर निर्बंध असतात, त्यामुळे मोठा ट्रक दारात येईल ही अपेक्षाही ठेवू नये. बुक करतानाच कुठल्या पत्त्यावरून माल उचलायचा ते विचारून दोन्ही खर्चांची बेरीज करावी.

दुसरा मार्ग रेल्वेचा. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर अशा स्टेशनांवर पार्सल ऑफिस असतं. फॉरवर्डिंग नोट भरायची, ओळखपत्र द्यायचं, वजन करायचं, पैसे भरले की रेल्वे रिसीट मिळते. माल गार्डाच्या डब्याला जोडून असलेल्या सामानाच्या कप्प्यातून जातो. लांबच्या अंतराला हे स्वस्त आणि जलद पडू शकतं, कारण तुमचं चाक मेल-एक्स्प्रेसच्या वेगाने जातं. दर गाडीच्या श्रेणीनुसार बदलतो, राजधानीचा सगळ्यात महाग. बरेच कप्पे खासगी ठेकेदारांनी भाड्याने घेतलेले असतात, त्यामुळे खिडकीवर जागा नाही म्हटलं तरी ठेकेदाराकडे मिळू शकते.

अडचण दोन्ही टोकांना येते. माल स्टेशनपासून स्टेशनपर्यंतच जातो. घेणाऱ्याने मूळ रिसीट दाखवून वेळेत उचलला नाही तर तासांच्या हिशोबाने व्हार्फेज चढत जातं. आणि थेट गाडी नसेल तर मधल्या स्टेशनवर चढउतार होते, तिथं उशीर होतो. इंदूरसारख्या थेट गाडीच्या ठिकाणी रेल्वे बरी, दोन गाड्या बदलायच्या ठिकाणी ट्रक बरा. गणपतीच्या दिवसांत कोकणाच्या दिशेने दोन्हीकडे बोंब असते, त्या आठवड्यात पाठवूच नये.

दादर-परळहून सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवणं हा अनेकांचा आवडता उपाय. रात्री दिलं की सकाळी कोल्हापूर. पण प्रवासी बसमधून व्यापारी माल नेण्यावर आरटीओ कारवाई करतं, आणि हातात जी चिठ्ठी मिळते तिच्यावर भरपाई मागणं कठीण. पोस्टाचा पर्यायही लक्षात ठेवावा. स्पीड पोस्टने 35 किलोपर्यंतचं पार्सल जातं, म्हणजे एक रिम आरामात बसते, आणि पोस्ट अशा गावांतही पोचतं जिथं ट्रान्सपोर्टवाला 'आउट ऑफ एरिया' म्हणून जादा पैसे लावतो.

हरवलं तर किती मिळतात?

स्वस्त भाड्याच्या नादात हा भाग कुणी वाचत नाही. समजा सेट 30,000 चा आहे. तुम्ही किंमत जाहीर न करता रेल्वेने पाठवला आणि हरवला, तर रेल्वेची जबाबदारी साधारण मालासाठी किलोला 50 रुपयांपर्यंत मर्यादित आहे. 70 किलोचे 3,500 रुपये झाले, बाकीचे 26,500 तुमचे गेले. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून त्यावरचं टक्केवारी शुल्क भरलं, तर ही मर्यादा वाढते.

ट्रकसाठी 2007 चा रस्ता वाहतूक कायदा आहे. त्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार जास्त जोखमीचं शुल्क भरलं नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंत. भाडं 900 असेल तर 9,000. म्हणजे भाडं जितकं घासून कमी केलं, तितकी भरपाईही कमी. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क'चा शिक्का असेल तर सही करण्याआधी विम्याचं विचारावं.

कागदांमध्ये ई-वे बिलाचा विषय येतो. मालाची किंमत 50,000 च्या वर असेल तर राज्याबाहेर जाताना ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. जुन्या चार चाकांचा सेट सहसा याच्या आत बसतो, नव्या मोठ्या अलॉयचा टायरसकट सेट बाहेर जाऊ शकतो. बिल किंवा किंमत लिहिलेला साधा कागद तरी सोबत द्यावा, नाहीतर नाक्यावर माल अडकतो.

आणि माल आल्यावर आधी नग मोजायचे, खोका उघडून रिमची कड बोटाने फिरवून बघायची, मगच पोच पावतीवर सही. काही वाकलेलं असेल तर ते त्याच पावतीवर लिहायचं आणि फोटो काढायचा. हरवल्याचा किंवा नुकसानीचा दावा ट्रान्सपोर्ट कंपनीकडे बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी द्यावा लागतो, रेल्वेकडे सहा महिन्यांत.