गामा, खाशाबा आणि आजचा मल्ल: कुस्ती लावायची कुठल्या आखाड्यात?

(नाशिकमध्ये द्वारका परिसरात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तुमच्या घरी, पारावर, चहाच्या टपरीवर आधीच होऊन गेलेला आहे. ‘आजच्या पोरांचं काय घेऊन बसलात, गामा असता तर एका झटक्यात लोळवलं असतं.’ त्यावर तरुण मुलगा म्हणतो, ‘आजोबा, गामाला गादीवर सहा मिनिटं सुचलं नसतं काही.’ मग आवाज चढतात आणि चहा गार होतो. या वादाचा निकाल लागत का नाही, आणि लावायचाच असेल तर कसा लावावा, एवढंच आज बघू.

हा वाद फक्त आपलाच नाही. बॉक्सिंगवाल्यांनी तर १९७० मध्ये हा प्रश्न चक्क संगणकाला विचारला. रॉकी मार्सियानो निवृत्त झालेला, तोही एकही लढत न हरता. मुहम्मद अली पुढच्या पिढीचा. दोघांना रिंगमध्ये उभं करून लुटुपुटूच्या लढतीचं चित्रीकरण केलं, संगणकात आकडे भरले आणि सिनेमा थिएटरांत दाखवला. संगणक म्हणाला, तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकतो. वाद मिटला का? छे! संगणकाला जे भरवलं तेच त्यानं परत वाढलं. कुठल्या गुणाला किती महत्त्व द्यायचं, हे माणसांनीच ठरवलं होतं.

आपल्याकडे मात्र संगणकापेक्षा चांगला पुरावा आहे. तेच दोन पैलवान, पण दोन वेगळ्या ठिकाणी लढलेले. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोरासमोर आले. कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि निकाल लागला नाही, कारण झिबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून खालीच राहिला. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. नंतर १९२८ मध्ये पतियाळाला तेच दोघे पुन्हा भिडले. या वेळी माती आणि आपली पद्धत. गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं.

आता सांगा, गामा झिबिस्कोपेक्षा किती भारी? अडीच तासांत न हरवता येण्याइतका, की मिनिटाच्या आत पाडण्याइतका? दोन्ही उत्तरं खरी आहेत. मधल्या अठरा वर्षांत दोघेही पन्नाशीच्या आसपास आले होते, त्यामुळे सगळं श्रेय मातीला देता येणार नाही. पण एवढं नक्की दिसतं की जमीन आणि नियम बदलले की त्याच जोडीचा निकाल बदलतो. मग दोन वेगळ्या काळांतले पैलवान, जे कधी भेटलेच नाहीत, त्यांचा निकाल आपण अटी न सांगता कसा लावतो?

म्हणून मी म्हणतो, वाद घालण्याआधी चार गोष्टी ठरवा.

पहिली, जमीन. माती की गादी? मातीत पाय रुततो, चाल सावकाश होते, घामावर माती बसली की पकड टिकते. गादीवर पाय झपकन निघतो, पट काढणाऱ्याचं फावतं.

दुसरी, वेळ. जुनी निकाली कुस्ती चीत होईपर्यंत. त्यात दम आणि सहनशक्ती हेच मोठं भांडवल. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. नुसता बचाव करत राहिलात तर समोरच्याला गुण मिळतो. लंडनमधला झिबिस्को आजच्या नियमात आडवा पडून वाचला नसता.

तिसरी, जिंकणं म्हणजे काय. पाठ लागली की संपलं, की गुण मोजायचे? आज फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपते. मातीत लांग-जांघिया धरून डाव मारता येतात, गादीवर पोशाख धरणं नियमाबाहेर. म्हणजे जुन्या मल्लाचे काही डाव पहिल्याच मिनिटाला बाद.

आणि चौथी, वजन. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या वादातली मोठी गडबड इथेच आहे.

आपल्या तोंडी नावं कुठली असतात? गामा, मारुती माने, गणपतराव आंदळकर, हरिश्चंद्र बिराजदार. सगळे मोठेच. माने आणि आंदळकर या दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. बिराजदार १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णविजेते. पण ही सगळी यादी जड वजनाची. महाराष्ट्र केसरीची गदा आज ८६ ते १२५ किलोच्या गटासाठी असते. आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव? ते हेलसिंकीला १९५२ मध्ये ५७ किलो गटात लढले. म्हणजे आज ते पंचविशीत असते तर त्यांना महाराष्ट्र केसरीच्या किताबी कुस्तीला उभंच राहता आलं नसतं. ‘सर्वांत भारी कोण’ या वादात त्यांचं नाव येत नाही, कारण तो वाद आपण नकळत ‘सर्वांत जड कोण’ असा घालतो.

गंमत अशी की काळ ओलांडून तुलना करायची तर खाशाबांइतकं सोयीचं उदाहरण नाही. वजनगट तोच, ५७ किलो. त्याच गटात टोकियोत रवी दहियाला रौप्य आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतला कांस्य. शिवाय योगायोग बघा. खाशाबा ज्यांच्याकडून हरले त्यांतला एक जपानचा शोहाची इशी, तोच सुवर्णविजेता. अमन उपांत्य फेरीत हरला तो जपानच्या रेई हिगुचीकडून, आणि सुवर्ण त्याचंच.

पण ५७ म्हणजे खरंच ५७ का? अमनचं वजन उपांत्य लढतीनंतर ६१ च्या वर गेलं होतं. रातोरात सुमारे साडेचार किलो उतरवून तो सकाळी काट्यावर उभा राहिला. त्यामागे प्रशिक्षक, डॉक्टर असा सगळा ताफा. खाशाबांच्या मागे काय होतं? राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, ज्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. इशीशी झालेल्या लांबलचक कुस्तीनंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी उतरवलं, विश्रांतीचा हक्क मागायला आपला अधिकारीच तिथे नव्हता, असं सांगितलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, गोल गोल फिरवू नका, निकाल द्या.’ देतो. १९५२ चे खाशाबा जसेच्या तसे उचलून पॅरिसच्या गादीवर ठेवले, तर अमन जिंकेल. अमनला उचलून कोल्हापूरच्या खासबाग मैदानात घड्याळाशिवाय मातीत सोडलं, तर मी खाशाबांवर नारळ ठेवीन. आणि दोघांना एकाच अटींवर दोन-चार वर्षं तयारी करू दिली तर? इथे माझ्याकडे एक पुरावा आहे. १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा गादीवर जवळजवळ नवखे होते, तरी सहावे आले. चार वर्षांनी, वरच्या वजनगटात, पदक. नवी जमीन आणि नवे नियम इतक्या लवकर अंगात मुरवणारा माणूस कुठल्याही काळात तग धरेल, असं मला वाटतं.

म्हणून माझी मोजपट्टी दोनच प्रश्नांची. एक, तो आपल्या काळातल्या लोकांच्या किती पुढे होता? खाशाबांनंतर आपल्याला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, आणि कुस्तीतलं पुढचं पदक थेट २००८ ला. दोन, अटी बदलल्यावर तो बदलू शकला का?

हे सगळं का सांगतोय? कारण या गप्पा तालमीतली पोरं ऐकतात. २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीरनं नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणून दिली. भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेतून पुढे गेलेला हा मल्ल. अंतिम कुस्ती शैलेश शेळकेशी, निकाल ३-२. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. तेव्हाही काही जण म्हणाले असतील, ‘तीन-दोन ही काय कुस्ती? पाठ कुठे लागली?’ पण एकाच वस्तादाचे दोन शिष्य, दोघांना एकमेकांचे डाव तोंडपाठ, तिथे एक गुण काढणं किती अवघड असेल याचा विचार करा.

आणि दुसरा मुलगा असतो, पन्नास-पंचावन्न किलोचा. त्याला गावच्या जत्रेत शेवटची मोठी कुस्ती कधीच मिळणार नाही. सगळे म्हणतात, ‘खुराक वाढव, वजन वाढव, तेव्हा पैलवान दिसशील.’ काही पोरं ते ऐकून आपला नैसर्गिक वजनगट सोडतात आणि दोन्हीकडून जातात. त्या मुलाला आपण गामाची गोष्ट जरूर सांगावी. पण त्याच दमात हेही सांगावं की स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्याच्याच वजनाच्या माणसानं आणलं, आणि त्याच वजनात २०२४ ला पुन्हा आलं.

तेव्हा पारावर वाद जरूर घाला, त्यात मजा आहे. फक्त आधी विचारा: कुठल्या मातीत, किती वेळ, कशाला जिंकणं म्हणायचं, आणि किती किलोला? चहा गार होण्याआधी निकाल लागेल.