औषध थांबवायचं कधी? कर्करोगाचं गणित

वयाचा सहावा घात

१९५४ साली पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकांनी कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे आकडे वयानुसार मांडले. अनेक कर्करोगांत मृत्युदर वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढत होता. वय दुप्पट झालं, की धोका सुमारे ६४ पट! पेशी एका फटक्यात बिघडत नाही, तिच्यात सहा-सात बदल एकामागून एक साठत जातात, असा अंदाज त्यांनी यावरून बांधला. जनुकं वाचण्याचं तंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

गाठीतली चढाओढ

गाठ झाल्यावरही हे बदल थांबत नाहीत. त्यामुळे एकाच गाठीत नाना तऱ्हेच्या पेशी असतात. जागेसाठी, रक्तपुरवठ्यासाठी त्यांची आपसात चढाओढ चालते. औषधाचा पूर्ण डोस चालू ठेवला, की त्याला बळी पडणाऱ्या पेशी मरतात आणि दाद न देणाऱ्या मूठभर पेशींना रान मोकळं मिळतं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर फवारण्या निकामी ठरल्या, त्या याच कारणाने. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ मध्ये हाच दाखला देऊन सुचवलं, की पसरलेला रोग समूळ जाणार नसेल, तर तो आटोक्यात ठेवण्याचं धोरण आखावं.

निम्म्यावर थांबा

त्यांच्या गटाने प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगातल्या तीन प्रकारच्या पेशींची स्पर्धा समीकरणांत मांडली. प्राण्यांच्या दोन जाती एकाच अन्नावर जगतात, तेव्हा जीवशास्त्रज्ञ वापरतात तीच ही लोटका-व्होल्टेरा समीकरणं. त्यातून नियम निघाला तो साधा: रक्तातलं पीएसए, म्हणजे रोगाचा अंदाज देणारं प्रथिन, निम्म्यावर आलं की ॲबिराटेरोन हे औषध बंद करायचं, ते मूळ पातळीवर पोचलं की पुन्हा सुरू. मधल्या काळात औषधाला बळी पडणाऱ्या पेशी वाढतात आणि चिवट पेशींना दाबून ठेवतात. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की औषध जुनंच आहे, बदललं ते फक्त वेळापत्रक.

याच गटाच्या २०२२ च्या अहवालात या पद्धतीने उपचार घेतलेल्या १७ रुग्णांमध्ये रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ ३३.५ महिने होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या १६ जणांमध्ये १४.३ महिने.

अजून काय बाकी आहे

रुग्ण थोडे होते आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. म्हणून कुणीही आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी चाचणी आता ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये हाती घेतली आहे.