सरकते पान आणि त्याची नोंद

गिऱ्हाइकापुढे कापडाचा तागा कसा उलगडावा, ह्याचे एक शास्त्र आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. तागा एकदम भिरकावला तर पोत दिसत नाही, फार सावकाश उलगडला तर गिऱ्हाईक कंटाळते, आणि त्याच्या हातातून ओढून घेऊन आपणच भराभर उलगडू लागलो तर ते पायरी उतरून चालू लागते. आज आपल्यापैकी अनेक व्यापारी बंधूंनी स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत. तेथे ताग्याची जागा पडद्यावर वरखाली सरकणाऱ्या पानाने घेतली आहे. हे पान कसे सरकावे आणि गिऱ्हाइकाने ते कोठवर पाहिले ह्याची नोंद कशी ठेवावी, हा विचार बहुधा संकेतस्थळ बांधणाऱ्या कारागिरावर सोपविला जातो. परंतु त्याचे पैसे भरणारा व गिऱ्हाईक गमावणारा व्यापारीच असल्यामुळे त्याने ह्या विषयाची तोंडओळख तरी करून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम गुळगुळीत सरकण्याचे प्रयोजन पाहू. पानाच्या माथ्यावर ‘दरपत्रक’ अशी कळ असते. ती दाबताच पान एका क्षणात खाली उडी घेते. आपण त्याच पानावर आहोत की दुसऱ्या पानावर येऊन पडलो, हे पाहणाऱ्यास समजत नाही. तीच हालचाल अर्ध्याएक सेकंदात डोळ्यांदेखत घडली, तर वाटेतला मजकूर मागे गेलेला दिसतो आणि आपण कोठून कोठे आलो ह्याचे भान राहते. गुळगुळीत गतीचे खरे समर्थन एवढेच आहे. केवळ शोभेसाठी ती आणली तर लवकरच डोळ्यांस खुपू लागते.

ही गती पूर्वी मोठ्या खटाटोपाने साधावी लागे. 2006 साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी हा जावास्क्रिप्टमधील साधनसंच प्रसिद्ध केला, तेव्हापासून चार ओळींत हे काम होऊ लागले. ठरावीक अंतराने घड्याळ वाजावे आणि दर ठोक्यास पान थोडे पुढे ढकलावे, अशी ती रीत. ढकलण्याचे प्रमाण मात्र सारखे ठेवून भागत नाही. आगगाडी स्थानक सोडताना हळू निघते, मध्ये वेग घेते आणि पुढचे स्थानक जवळ आले की मंदावते. पानही तसेच चालले तर डोळ्यांस स्वाभाविक वाटते. ह्या मंद-शीघ्र-मंद चालीची जी समीकरणे रॉबर्ट पेनर यांनी फ्लॅशच्या काळात लोकप्रिय केली, ती आजही कारागिरांच्या हाताखाली आहेत.

घड्याळाच्या रीतीत एक खोट होती. सामान्य पडदा सेकंदास 60 वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये 16.7 मिलिसेकंद एवढेच अंतर असते. आपले घड्याळ ह्या तालाशी जुळले नाही, तर पान अडखळत सरकते. पुढे 2010–11 च्या सुमारास ब्राउझरांत ‘रिक्वेस्ट अ‍ॅनिमेशन फ्रेम’ ही सोय आली. नवे चित्र काढण्यापूर्वी ब्राउझर स्वतःच कारागिराच्या कार्यक्रमास हाक देऊ लागला, आणि ताल जुळला.

आता तर साध्या कामासाठी तेवढेही करावे लागत नाही. पानाच्या वेशभूषेची जी भाषा सीएसएस म्हणून ओळखली जाते, तीत ‘स्क्रोल-बिहेविअर’ ह्या गुणधर्मास ‘स्मूथ’ हे मूल्य दिले की ब्राउझर आपण होऊन पान अलगद नेतो. फायरफॉक्सने ही सोय 2015 साली, क्रोमने 2017 साली आणि सफारीने 2022 साली दिली. ह्यात गती किती असावी हे आपल्या हाती राहत नाही, ते ब्राउझर ठरवितो. कित्येकांस हा दोष वाटतो. माझ्या मते तो गुण आहे, कारण ब्राउझर बांधणाऱ्यांनी त्या गतीवर आपल्या कारागिराहून अधिक विचार केलेला असतो. शिवाय कळफलकावर काम करणाऱ्याचे किंवा पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने चालणाऱ्या अंध गिऱ्हाइकाचे स्थानही पानाबरोबर योग्य जागी जाते. हाताने लिहिलेल्या कार्यक्रमात हे हटकून विसरले जाते.

ह्यासंबंधीची एक लहानशी परंतु नेहमीची अडचण येथेच सांगून टाकतो. पुष्कळ पानांवर पेढीच्या नावाची पट्टी माथ्यावर स्थिर असते. कळ दाबल्यावर पान बरोबर जागी येते खरे, पण जे मथळे पाहावयाचे ते नेमके त्या पट्टीखाली दडतात. प्रत्येक मथळ्यास ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ ह्या गुणधर्माने पट्टीच्या उंचीएवढी जागा राखून ठेवली की काम भागते.

सर्वांनाच ही हालचाल सोसते असे मात्र नाही. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात बिघाड असलेल्यांना पडद्यावरील मोठी हालचाल पाहून भोवळ येते, मळमळते. 2013 साली अ‍ॅपलने आयफोनसाठी सातवी आयओएस प्रणाली काढली, तेव्हा तिच्यातील चलत्-दृश्यांविरुद्ध अशाच तक्रारी आल्या आणि थोड्याच काळात ती हालचाल कमी करण्याची सोय अधिक व्यापक करावी लागली. आज बहुतेक यंत्रांत ‘हालचाल कमी ठेवा’ असे सांगण्याची कळ आहे, आणि सीएसएसमधील ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ह्या अटीने पानाला ती इच्छा कळू शकते. ज्याने ती कळ दाबली आहे त्याच्यापुढे पान निमूटपणे उडी मारून गेले पाहिजे.

ह्याहून वाईट प्रकार म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच्या अंगठ्याने पान सरकवीत असता त्याची गती हिरावून घेणे. अंगठ्याचा हलका झटका आणि पानाचे हळूहळू थांबणे, ही चाल 2007 च्या पहिल्या आयफोनपासून कोट्यवधी हातांच्या वळणी पडली आहे. काही संकेतस्थळे हा झटका मध्येच अडवून स्वतःच्या मर्जीने एकेक पूर्ण पडदा पुढे ढकलतात. पाहणाऱ्याने दोन बोटे सरकविले तरी पान हातभर जाते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्नो फॉल’ ह्या हिमप्रपाताच्या वृत्तकथेनंतर सरकत्या पानांवरील चलत्-चित्रांची लाट आली. त्या कथेत मात्र पाहणाऱ्याचे सरकविणे त्याच्याच हाती राहिले होते. अनुकरण करणाऱ्यांनी चित्रे घेतली आणि हा विवेक सोडला.

आता नोंदीकडे वळू. पान सरकू लागले की ब्राउझर क्षणाक्षणास तशी वर्दी देतो. प्रत्येक वर्दीस उत्तर म्हणून जड काम काढले तर पान रुतून बसते. जानेवारी 2011 मध्ये ट्विटरच्या पानांची हीच गत झाली. दर वर्दीस तेथील कार्यक्रम साऱ्या पानात शोध घेत होता. रेसिग यांनी जाहीरपणे सुचविलेला उपाय साधा होता: वर्दी आली की नुसती खूण करून ठेवावी, आणि दर 250 मिलिसेकंदांनी एकदाच ती तपासावी. पुढे 2016 साली क्रोममध्ये ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ आला आणि मागाहून इतरांनीही तो स्वीकारला. अमुक मथळा दृष्टीच्या टप्प्यात आला की कळव, एवढे ब्राउझरास सांगून ठेवले की पुरे.

टक्क्यांचा हिशोबही नीट हवा. समजा पानाची उंची 6000 पिक्सेल आहे आणि खिडकीची 800. मग पान जास्तीत जास्त 5200 पिक्सेलच सरकू शकते. 3900 सरकले म्हणजे 75 टक्के झाले. कित्येक ठिकाणी भाजक म्हणून सरळ 6000 धरतात, त्यामुळे तळ गाठूनही नोंद 87 टक्क्यांच्या आसपास अडते आणि मालकास वाटते की शेवटचा मजकूर कोणी पाहतच नाही. चित्रे मागाहून उतरत असतील तर पानाची उंचीच वाढत जाते आणि टक्के आणखी फसवे होतात. यास्तव टक्क्यांपेक्षा ‘दरपत्रक’, ‘पत्ता’ अशा नावाच्या ठिकाणांची नोंद घेणे मला अधिक विश्वसनीय वाटते.

परंतु खरी मेख पुढेच आहे. ‘पत्ता’ ही कळ दाबली आणि पान अलगद सरकत तळाशी गेले, तर वाटेतील प्रत्येक ठिकाण क्षणभर खिडकीतून जाते. नोंदवही त्या साऱ्यांपुढे ‘पाहिले’ असे लिहून मोकळी होते! गिऱ्हाइकाने वाचले काहीच नाही, आणि खात्यावर जमा मात्र भरघोस. सौंदर्यासाठी आणलेली गती अशा रीतीने हिशोबात खोटी रक्कम घालते. उपाय असा की एखादा भाग निदान दोनएक सेकंद सलग दृष्टीसमोर राहिला तरच तो मोजावा, आणि पान त्याआधीच पुढे सरकले तर ती मोजणी रद्द करावी. कारागिरास हे काम घटकाभराचे आहे, पण मालकाने विचारल्यावाचून तो सहसा करीत नाही.

इतके करूनही खोलवर जाणे म्हणजे आवडणे नव्हे. 2013 साली ‘स्लेट’ ह्या नियतकालिकाने आपल्याच लेखांची आकडेवारी तपासून घेतली, तेव्हा वाचक कोठवर गेले आणि त्यांनी लेख इतरांस धाडला की नाही, ह्यांत घट्ट संबंध आढळला नाही. जो थेट तळाशी जातो तो पुष्कळदा केवळ दूरध्वनीचा क्रमांक शोधीत असतो, आणि दुकानदाराच्या दृष्टीने तोच मोलाचा. शिवाय ही नोंद कोणाच्या नावावर ठेवण्याचे काहीच कारण नाही. किती जण दरपत्रकापर्यंत पोहोचले एवढी बेरीज व्यापारास पुरते. अमुक गृहस्थ अमुक मालापाशी किती वेळ थांबले, हे साठविले की ती वैयक्तिक माहिती होते, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाची जबाबदारी अंगावर येते.

काम ताब्यात घेताना मालकाने घरातला सर्वांत जुना भ्रमणध्वनी घ्यावा आणि मंद जोडणीवर आपले पान अंगठ्याने स्वतः सरकवून पाहावे. मग खाली बरेच जाऊन एखादा माल उघडावा आणि परतीची कळ दाबावी. पान जेथे सोडले होते तेथेच उघडले तर ठीक. पुन्हा माथ्यावर जाऊन बसले, तर चाळिसाव्या साडीपर्यंत आलेल्या गिऱ्हाइकास पहिल्या साडीपासून सुरुवात करावी लागेल, आणि कारागिराचे शेवटचे देणे तोवर थांबवून ठेवावे.