आफ्रिकेची नवी वस्त्रकळा : लेखांक सातवा – कात्री चालवावी कोठे?

गेल्या खेपेस नेदरलँड्समधील हेल्मंडच्या कारखान्यात राळेचा लेप बसलेले कापड निळीच्या हौदातून बाहेर निघेपर्यंत आपण त्याच्या मागे गेलो होतो, आणि आज ते लागोसच्या बाजारात उतरवून तेथील डिझायनर त्याचे काय करतात हे सांगावयाचे, असे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी इचलकरंजीहून एका वाचकांचे पत्र आले. ते स्वतः शिवणकामाचा व्यवसाय करतात, आणि त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न इतका मुद्द्याचा आहे की लागोसला एक आठवडा ताटकळत ठेवण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. ते विचारतात : एवढाली मोठी नक्षी असलेले कापड हे लोक बेततात तरी कसे? पक्ष्याचे डोके छातीवर आणि शेपूट पाठीवर आले, तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडणार नाही काय?

भांडेल, आणि रास्त भांडेल. पश्चिम आफ्रिकेच्या फ्रेंचभाषक मुलखात ‘तू बाहेर गेलास तर मीही जाणार’ या नावाने खपणारे एक जुने छापील कापड आहे. त्यावर दार उघडे पडलेला पिंजरा आणि त्यातून उडून गेलेले पाखरू, एवढेच चित्र पुनःपुन्हा येते. बाहेरख्याली नवऱ्याला बायकोने तोंडातून अवाक्षर न काढता, अंगावरच्या वस्त्राने दिलेली ही नोटीस आहे. आता बेतणाऱ्याने मुंढ्याच्या जागी हात थोडा सैल सोडला, पाखरू बाहीत गेले आणि पिंजरा चिंध्यांच्या ढिगात पडला, तर ती नोटीस बजावली गेलीच नाही असे समजावे. नक्षी जुळवणे ही आपल्याकडे शिंप्याच्या सफाईची बाब समजली जाते. तिकडे ती अर्थाचीही बाब आहे.

वस्तुतः या प्रश्नाचे मूळ शिंप्याच्या कसबापेक्षा वस्त्राच्या घडणीत आहे. शिवलेले झगे आणि शिकाऱ्यांचे अंगरखे तेथे पूर्वापार होतेच. तथापि जी वस्त्रे नक्षीसाठी नावाजली, त्यांतील पुष्कळशी कात्रीसाठी जन्मलेली नाहीत. अरुंद मागावर पुरुषांनी विणलेल्या बोटभर ते वीतभर रुंदीच्या पट्ट्या काठाला काठ जोडून शिवावयाच्या, त्यांचा एक मोठा चौकोन करावयाचा, आणि तो स्त्रीने अंगाभोवती गुंडाळावयाचा किंवा पुरुषाने खांद्यावरून घ्यावयाचा, अशी ही रीत असल्यामुळे कोणती कड कमरेवर येणार, कोणती पोटऱ्यांशी लोंबणार आणि कोणते टोक वर दिसणार, हे सारे कापड तयार होतानाच ठरून गेलेले असते. ज्या घरात लुगड्याच्या काठाला आणि पदराला आपापली जागा आहे, त्या घरातील वाचकास हे निराळे समजावून सांगण्याची जरुरी नाही. असे वस्त्र मागावरून किंवा रंगाऱ्याच्या हातून निघते तेव्हाच ते पुरे झालेले असते, आणि मग डिझायनर नावाचा इसम कात्री घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो. माझ्या मते आफ्रिकेच्या आधुनिक वेशकलेची खरी परीक्षा याच ठिकाणी होते. पारंपरिक नक्षी निवडणे हे कोणासही साधते. त्या नक्षीवर कात्री चालवावी की नाही, आणि चालवावी तर कोठे, या निर्णयातच कर्त्याची प्रतिभा दिसून येते.

घानातील बायकांनी हा तंटा कोणा डिझायनरची वाट न पाहता आपसांतच तडजोडीने मिटवला. तेथे राळेच्या लेपाचे हे छापील कापड, म्हणजे वॅक्स, सहा वारांच्या हिशेबाने घेतात. त्यातले दोन वार शिंप्याच्या स्वाधीन होतात. त्यांची ‘काबा’ नावाची अंगाबरोबर बसणारी, बाह्या फुगवलेली आणि गळ्याशी नाना तऱ्हेच्या करामती केलेली चोळी होते. दुसरे दोन वार पूर्वी नुसते गुंडाळीत, पुढे त्यांचा पायाशी चीर ठेवलेला लांब घागरा झाला. उरलेले दोन वार मात्र अखंड राहतात. ते खांद्यावर टाकावे, कमरेस बांधावे किंवा त्यात पाठीवरचे मूल बांधावे. चोळीत पाखराचे पंख छाटले गेले तरी अखंड दोन वारांवर ते पिंजऱ्यासकट शाबूत असते, म्हणजे फॅशनलाही मुभा मिळते आणि नोटीसही कायम राहते.

परंतु वॅक्स हे कितीही झाले तरी यंत्रावर छापलेले कापड. एक वार बिघडला तर त्याच नक्षीचा दुसरा मिळतो. मालीतील ‘बोगोलान’ या वस्त्राची गोष्ट निराळी. बामाको शहराच्या उत्तरेस बेलेदुगु नावाचा प्रांत आहे, आणि तेथील बामाना स्त्रियांच्या हातचे हे काम पाहण्यासारखे असते. हातविणीचे सुती कापड प्रथम एका झाडाच्या पानांच्या काढ्यात बुडवून उन्हात वाळवतात, म्हणजे ते पिवळे होते. हे झाड आपल्या धावड्याचे सख्खे भावंड, एकाच प्रजातीतले. मग तळ्याच्या तळातून काढून मडक्यात महिनोन्महिने मुरवलेला लोहयुक्त चिखल सळईने किंवा काडीने त्या पिवळ्या कापडावर भरतात. चिखलातील लोह आणि काढ्यातील टॅनिन यांचा संयोग होऊन धाग्यातच काळा रंग तयार होतो, आणि कापड धुतले की चिखल निघून जातो, काळेपणा राहतो. हिरडा आणि लोखंडाचे पाणी यांपासून काळा रंग करणाऱ्या आपल्या रंगाऱ्यांचे रसायनशास्त्र याहून वेगळे नाही. गंमत अशी की ती बाई नक्षी रंगवीतच नाही. नक्षीच्या भोवतालची जमीन तेवढी ती चिखलाने भरीत जाते, आणि मधे राहिलेल्या पिवळ्या रेषांवर शेवटी दाहक सोड्याचे मिश्रण फिरवून त्या पांढऱ्या करते. एका वस्त्रावर नक्षीचे अनेक प्रकार येतात, मधल्या भागाचे निराळे आणि कडांचे निराळे, आणि त्यांना नावे असतात. हे वस्त्र शिकाऱ्याच्या अंगावर असे, बाळंतिणीच्या अंगावर असे, खतन्याच्या विधीतून गेलेल्या मुलीस गुंडाळीत. रक्तपाताच्या प्रसंगी मोकळ्या सुटणाऱ्या अनिष्ट शक्तीपासून ते राखण करते अशी तेथील श्रद्धा आहे.

अशा वस्त्राला कात्री लावण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला तो गृहस्थ म्हणजे ख्रिस सेदू. मूळ नाव सेदू नुरू दुम्बिया. जन्म 1949 साली, बामाकोजवळच्या काती गावी. आई भरतकाम करणारी, त्यामुळे सुईदोऱ्याशी ओळख घरातच झाली. पोरवयातच तो एका शिंप्याकडे उमेदवारीस राहिला, पुढे वागादुगू, आबिजान असे मुक्काम करीत 1970 नंतरच्या पहिल्या वर्षांत पॅरिसला पोहोचला, आणि ख्रिश्चन दिओरविषयीच्या आदरापोटी त्याने ‘ख्रिस’ हे नाव स्वतःस लावून घेतले. पॅरिसमध्ये त्याने बोगोलान हाती घेतले खरे, पण आरंभी त्याची कात्रीच चालेना. या कापडाची थोरवी तो बालपणापासून जाणत होता, आणि त्याचे तुकडे करणे त्याला जड गेले, असे त्याने पुढे मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलेले आहे.

त्यातून त्याने जी तोड काढली ती मला फार मनोज्ञ वाटते. एका वस्त्रावरील अनेक नक्ष्यांपैकी त्याने एकच उचलली आणि ती संबंध कापडभर सारख्या अंतराने येईल असे बोगोलान करवून घेतले. नक्षी सर्वत्र सारखी झाल्याबरोबर मध्य आणि कड हा भेद मिटला, वर-खाली हा भेद मिटला, आणि कापड कोटाला, तंग स्कर्टला, टोपीला, ज्याला हवे त्याला बेतता येऊ लागले. म्हणजे कात्री लावण्यापूर्वीच त्याने कापडाला कात्रीच्या लायक करून घेतले. 1990 मध्ये बामाकोस परतल्यावर त्याने मालीतील एका कापडगिरणीशी करार करून बोगोलानच्या धर्तीचे छापील कापडही काढले, आणि 1994 साली, उणीपुरी पंचेचाळीस वर्षांची उमर असताना, तो निवर्तला.

या सौद्यात काही गमावले गेले हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. बेलेदुगुतील म्हातारीला जो मजकूर वाचता येत होता त्यातला एक शब्द तेवढा उरला आणि तोच पुनःपुन्हा उमटत राहिला. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, जे कापड शहरी लोक खेडवळ म्हणून बाजूस सारीत होते, ते नव्वदीच्या दशकात बामाकोतील तरुणांनी अभिमानाने अंगावर घेतले, त्याचे श्रेय सेदूच्या पदरात मोठ्या मापाने घालावे लागेल. शिवाय कात्रीला हात न लावणारा पक्षही त्याच शहरात नांदत होता. 1978 पासून एकत्र काम करणाऱ्या ‘बोगोलान कासोबाने’ या सहा चित्रकारांच्या मंडळाने जुन्या रंगांचा आणि जुन्या नावांचा धांडोळा घेऊन कापड हीच चित्राची भूमी मानली. दोन्ही पक्षांची गरज होती असाच माझा कौल आहे.

सांप्रतच्या मंडळींनी या प्रश्नाला निरनिराळी बगल दिली आहे. दक्षिण आफ्रिकेतील लाडुमा ङ्खोकोलो याने खोसा लोकांच्या मणिकामातील भौमितिक नक्षी लोकरीच्या विणकामात आणली, आणि विणलेल्या वस्त्राची मौज अशी की त्याची पाठ, पोट, बाही यांच्या मापाने नक्षी मांडून मगच वीण घालता येते. नक्षी आणि पोशाख बरोबरच जन्माला येतात. नायजेरियाची अमाका ओसाक्वे ‘माकी ओह’ या नावाने काम करते. योरुबा स्त्रियांचे ‘आदिरे’ म्हणजे कसाव्याच्या खळीने नक्षी झाकून निळीत बुडवलेले कापड; त्यातील ‘इबादानदुन’ या प्रसिद्ध प्रकारात चौकटी-चौकटींत इबादानच्या मापो सभागृहाचे खांब आढळतात. ओसाक्वे ते तयार वस्त्र बाजारातून आणून फाडीत बसत नाही. आपल्या मनातील पोशाखासाठी आदिरे नव्याने करवून घेते, आणि सुताऐवजी रेशमावरही करवून घेते.

तेव्हा इचलकरंजीच्या पत्रलेखकांना माझे उत्तर असे की, जो चांगला कारागीर असतो तो तिकडेही, आपल्याप्रमाणेच, आधी कापड अंगावर टाकून पाहतो आणि मग खडू उचलतो. आणि जो त्याहून वरचा असतो तो कापड विणणाऱ्याच्या किंवा रंगवणाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. पुढील आठवड्यात लागोस नक्की, आणि तेथे लीसा फोलावियो या डिझायनरकडे कात्रीपेक्षा सुईलाच अधिक काम कसे मिळते ते पाहू. मोंबासाच्या ‘कांगा’ नावाच्या वस्त्रावरील ‘माली या अब्दुल्ला’ या छापाविषयी ज्यांनी विचारले आहे, त्यांनी आणखी थोडा धीर धरावा. त्या प्रकरणात भारतीय व्यापाऱ्यांचा संबंध येतो, आणि ते एका लेखांकात आटोपेल असे मला वाटत नाही.