एस्कोबारची कुंडली

कोलंबियातल्या मेडेयिन शहराच्या पाब्लो एस्कोबारने (१९४९-१९९३) कोकेन अमेरिकेत पोचवून अफाट माया जमवली. गरिबांना घरे बांधून दिली आणि १९८२ मध्ये तो थेट संसदेचा पर्यायी सदस्य झाला! पुढच्याच वर्षी ‘एल एस्पेक्तादोर’ने त्याच्या १९७६ मधल्या अटकेची जुनी बातमी पुन्हा छापली आणि राजकारण संपले. त्याचा सूड भयंकर होता. १९८४ मध्ये न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया, १९८६ मध्ये त्या दैनिकाचे संपादक गियेर्मो कानो, १९८९ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार लुइस कार्लोस गालान यांचे खून पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवियांका कंपनीचे विमान बॉम्बने उडवले. ११० जण ठार झाले. लक्ष्य होते गालान यांच्यानंतरचे उमेदवार सेसार गाविरिया. ते त्या विमानात चढलेच नव्हते, पुढे अध्यक्षही झाले.

१९९१ मध्ये एस्कोबार शरण आला, पण स्वतःच बांधवून घेतलेल्या तुरुंगात. वर्षभराने तिथूनही पळाला. २ डिसेंबर १९९३ रोजी मेडेयिनमधल्या एका छपरावर गोळ्या लागून मेला. कोकेनचा धंदा मात्र दुसऱ्या टोळ्यांनी सांभाळला. त्याला गरिबांचा कैवारी म्हणणाऱ्यांनी मृतांची यादी वाचावी. त्याच्या खासगी प्राणिसंग्रहालयातले पाणघोडे आज माग्दालेना नदीच्या खोऱ्यात मोकाट वाढत असून सरकारने २०२२ मध्ये त्यांना आक्रमक परकी प्रजाती जाहीर केले आहे.