जुने रिव्हॉल्व्हर : नावावर जाऊ नका, शिक्का पाहा

जुन्या वस्तूंच्या धंद्यात घड्याळे, दिवे, ग्रामोफोन यांच्याबरोबर कधीतरी एखादे गंजलेले रिव्हॉल्व्हरही समोर येते. विकणारा नळीवरचे नाव दाखवतो, ‘असली विलायती माल’ म्हणतो आणि भाव चढवतो. अशा वेळी व्यापारी बंधूंनी नाव बाजूला ठेवून बारीक शिक्के पाहावेत. नाव कोणीही कोरू शकतो. माल कुठला, हे शिक्काच सांगतो.

अशा स्वस्त मालाचे मोठे केंद्र म्हणजे बेल्जियममधील लिएज शहर. तेथे कारागीर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत, घरोघरी सुटे भाग घडवीत. व्यापारी ते जोडून घेई आणि गिऱ्हाईक मागेल ते नाव घाली किंवा काहीच घालीत नसे. पण तपासणी चुकत नसे. १८१० च्या फर्मानाने ती सक्तीची झाली होती. लंबगोलात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरे दिसली की माल लिएजला तपासलेला समजावा. हा शिक्का बहुधा सिलिंडरवर असतो. लंबगोलावर मुकुट असेल तर तपासणी १८९३ नंतरची. जवळच एका अक्षरावर चांदणी असेल तर ती तपासनिसाची खूण, १८७७ पासूनची.

उदाहरण ‘ब्रिटिश बुलडॉग’चे घ्या. आखूड नळीचे, पाच गोळ्यांचे हे रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये आणले. ते खपले, तशा लिएजमध्ये त्याच्या नकला निघाल्या आणि त्यांच्यावरही ‘ब्रिटिश बुलडॉग’ हेच शब्द आले. मूळ वेब्ली आणि नक्कल यांच्या भावात मोठे अंतर असते. इंग्लंडचा तपासणी शिक्का दिसला तरी घाई नको. बाहेरून आलेला मालही तेथे तपासला जाई. दोन्ही देशांचे शिक्के असतील तर माल बेल्जियमचाच धरावा.

दुसरे गाव स्पेनमधील एईबार. येथे अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीच्या नकला होत. युक्ती अशी, की ‘स्मिथ अँड वेसन काडतुसांसाठी’ या मजकुरात कंपनीचे नाव ठळक आणि बाकीचे शब्द बारीक. म्हणून भिंग घेऊन पूर्ण ओळ वाचावी.

घडणही बोलते. सिलिंडरच्या मागच्या कडेला लहान खाचा असतील तर ते पिन-काडतुसाचे, म्हणजे फ्रान्सच्या लफोशे पद्धतीचे. घडी होणारा चाप आणि बारीक नळी असेल तर १८९४ मध्ये गालां यांनी सायकलस्वारांसाठी काढलेल्या ‘वेलो-डॉग’चा वंश असू शकतो.

कारागीर बंधूंनी अशा वस्तूला कानस, पॉलिश किंवा नवा मुलामा लावू नये. शिक्का घासला की ओळख गेली आणि मोलही गेले. दुरुस्तीला तर हातच लावू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विक्रीला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्तीलाही लागतो. कलम ४५ ची सूट जुन्या वा मोडक्या शस्त्राला आहे, पण ते दुरुस्तीनेही चालण्याजोगे नसेल तरच. फक्त जुने आहे, एवढ्यावर सुटका नाही.

शंभर वर्षांवरील वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. तिच्या व्यापाराला परवाना हवा आणि खासगी व्यापाऱ्याला ती परदेशी पाठवता येत नाही.

शस्त्र नियम २०१६ मध्ये नवे झाले आणि नंतरही बदलले आहेत. म्हणून इसार देण्यापूर्वी पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडून लेखी खुलासा घ्यावा. तोवर वस्तू विकणाऱ्याच्याच ताब्यात राहू द्यावी. स्वस्तात मिळालेला माल कोर्टकचेरीत फार महाग पडतो.